असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने: पहिली जीटी३ गाडी कुठली घ्यायची

गेल्या आठवड्यात रात्री अकरा वाजता मामेभावाचा मेसेज, दादा गेम घेतला, स्टीअरिंग पण आलं, आता गाडी कुठली घेऊ ते सांग. फोनवर अर्धा तास बोललो तरी माझं सांगून संपेना, शेवटी म्हणलं हे एकदा नीट लिहूनच काढू. कारण तीन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला पडला होता आणि तेव्हा जिथे विचारावं तिथे एकच उत्तर मिळायचं, मेटा गाडी घे, म्हणजे त्या अपडेटमध्ये जी सगळ्यात फास्ट असेल ती. मी तेच केलं आणि माझे पहिले दोन महिने पाण्यात गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हा रिव्ह्यू. गेमचा आहे, पण खरं म्हणजे गेममधल्या गाड्यांचा.

आधी गेमबद्दल थोडक्यात. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने, सगळे एसीसी म्हणतात. इटलीच्या कुनोस सिमुलाझिओनीने बनवलाय, पीसीवर पूर्ण गेम मे २०१९ मध्ये आला, कन्सोलवर २०२० मध्ये. जीटी वर्ल्ड चॅलेंज नावाची जी खरी रेसिंग सिरीज आहे तिचा हा अधिकृत गेम, त्यामुळे गाड्या मुख्यतः जीटी३ क्लासच्या (म्हणजे कंपन्यांच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या रेसिंग गाड्या) आणि ट्रॅक खरेखुरे, मोंझा, स्पा, सिल्व्हरस्टोन, ब्रँड्स हॅच, मिसानो वगैरे. यात साध्या रस्त्यावरच्या गाड्या नाहीत, शहरात फिरायचं नाही, पैसे जमवून गॅरेज भरायचं नाही. तुम्हाला तसलं काही हवं असेल तर हा गेम घेऊ नका, कंटाळून सोडून द्याल. पण एका गाडीत बसून तासभर तोच ट्रॅक, तीच वळणं, प्रत्येक लॅपला जरा बरं जमवायचं, याची ज्याला ओढ आहे त्याच्यासाठी माझ्या मते अजूनही यासारखा गेम नाही. आवाज तर असा की हेडफोन लावून डोळे मिटले तरी मर्सिडीज कुठली आणि पॉर्श कुठली ते कळतं.

आता मुद्द्यावर येतो. गेम उघडला की जीटी३ च्या वीसहून जास्त गाड्या समोर येतात आणि माणूस तिथेच गांगरतो. आणि गंमत म्हणजे कागदावर सगळ्या जवळजवळ सारख्याच वेगाच्या. जीटी३ हा क्लास २००६ मध्ये सुरू झाला तेव्हापासून त्याचा पायाच हा आहे की वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या इंजिनांच्या गाड्या एकत्र पळवायच्या आणि वजन कमीजास्त करून, इंजिनाला लगाम घालून सगळ्यांना एका पातळीवर आणायचं. याला बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स म्हणतात, सगळे बीओपी म्हणतात, आणि गेममध्येही तो आहे. म्हणून मर्सिडीजचं ६.२ लिटरचं बिनटर्बो व्ही८ आणि बीएमडब्ल्यू एम४ चं तीन लिटरचं टर्बो इंजिन एकाच रेसमध्ये खांद्याला खांदा लावून पळतात. जगातल्या सगळ्यात वेगवान ड्रायव्हरांना यातल्या दोन गाड्यांमध्ये एका लॅपला दोन-तीन दशांशाचा फरक दिसतो आणि त्यावरून मेटा ठरतो. तुम्ही-आम्ही नवीन असताना लॅपमागे चार-चार सेकंद हरवत असतो, तिथे त्या दोन दशांशाचा काय उपयोग सांगा.

वेग सारखा असला तरी स्वभाव मात्र अजिबात सारखा नाही, आणि निवडायचा असतो तो स्वभाव. तो बऱ्याच अंशी इंजिन कुठे बसवलंय त्यावर ठरतो. पुढे इंजिन असलेल्या गाड्या म्हणजे ॲस्टन मार्टिन व्हँटेज, बीएमडब्ल्यू एम४ आणि एम६, मर्सिडीज एएमजी, बेंटली, लेक्सस, निस्सान जीटीआर. मध्ये इंजिन म्हणजे फेरारी, लॅम्बोर्गिनी, ऑडी आर८, मॅक्लॅरन, होंडा एनएसएक्स. आणि मागे इंजिन असलेली एकटी पॉर्श.

मी सुरुवात केली फेरारी ४८८ ने. लहानपणापासून लाल फेरारीचं पोस्टर भिंतीवर होतं, दुसरी कुठली घेणार. पहिल्या दिवशी मोंझाला गेलो. मोंझा ५.७९३ किलोमीटरचा, नुसता सरळ पळायचा ट्रॅक, सोपा वाटतो. मुख्य सरळीवरून अडीचशेच्या पुढे वेग गेलेला असतो आणि समोर पहिलं वळण येतं, रेत्तिफिलो, आधी उजवीकडे आणि लगेच डावीकडे, तेही अगदी अरुंद. तिथे १५० मीटरच्या पाटीच्या आसपास ब्रेकवर जोरात पाय द्यायचा आणि मग वळता वळता ब्रेक हळूहळू सोडत न्यायचा. मी काय करायचो तर गाडी पुरेशी हळू झाली असं वाटलं की ब्रेकवरून पाय एकदम उचलायचो. फेरारीत पाय असा झटक्यात उचलला आणि त्याच वेळी स्टीअरिंग फिरवलेलं असलं की मागची बाजू हलकी होते आणि सरकन बाहेर येते, आणि आली की इतक्या झटपट येते की आपण उलटं स्टीअरिंग देईपर्यंत गाडी तोंड फिरवून उभी. दहा लॅपमध्ये सहा वेळा गिरकी. तरी कधीमधी एखादी लॅप अशी सुंदर लागायची, १:४९.१, की वाटायचं बस आता जमलं. पुढच्या लॅपला परत खडीत. तीन आठवडे हेच चाललं होतं.

मग ऑडी आर८ घेऊन बघितली, ती तर माझ्या हाताला फेरारीपेक्षा अवघड. वेगात असताना वळणाच्या मध्ये ॲक्सिलरेटर जरा जरी सोडला की मागून निसटते. वळायला फार गोड गाडी, इशारा केला की वळते, पण तो गोडवा सांभाळायला पाय मुरलेला लागतो.

शेवटी ॲस्टन मार्टिन व्ही८ व्हँटेजमध्ये बसलो, तेही सहज, त्या दिवशी दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. चार लॅपमध्ये फरक कळला. इथे चूक केली की गाडी सांगते. ब्रेक घाईने सोडला तर मागची बाजू निघते खरी, पण सावकाश निघते, आधी जरा अंग चोरते, स्टीअरिंगमध्ये हाताला हलकेपणा जाणवतो, आणि तुमच्याकडे सावरायला वेळ असतो. त्या दिवशी माझी सगळ्यात चांगली लॅप १:४९.६ लागली, म्हणजे फेरारीपेक्षा अर्धा सेकंद हळू. पण वीस लॅप मारल्या त्यातल्या सतरा लॅप अर्ध्या सेकंदाच्या आत आल्या आणि गिरकी एकही नाही. फेरारीत सलग पाच लॅप स्वच्छ मारलेल्या मला आठवत नाहीत. ऑनलाइन रेस तासाभराची असते हो, एका लॅपची नसते. एक गिरकी म्हणजे दहा-पंधरा सेकंद आणि भिंतीला लागली तर पिटमध्ये जाऊन रिपेअर, तो वेळ वेगळाच.

तेव्हापासून माझी गाडी तपासायची पद्धत ठरलेली आहे आणि भावालाही तीच सांगितली. एकच ट्रॅक, एकच हवामान, गेमने दिलेला ॲग्रेसिव्ह सेटअप, म्हणजे गाडीच्या सेटिंग्जचा तयार संच (सेफ नावाचा सेटअप नवीन लोक घेतात पण त्यात गाडी वळायलाच तयार नसते, नुसती पुढे घसरत राहते, तो घेऊ नका), पेट्रोल निम्मं भरायचं आणि सलग वीस लॅप. मग सगळ्यात फास्ट लॅपकडे बघायचंच नाही. बघायचं की सगळ्यात हळू लॅप किती लागली, आणि शेवटच्या पाच लॅपमध्ये टायर थकल्यावर गाडी कशी वागतेय. ज्या गाडीत अठराव्या लॅपलाही पुढच्या वळणाची भीती वाटत नाही ती तुमची गाडी. फक्त टायरचं प्रेशर तेवढं बघा, २०२३ च्या १.९ अपडेटनंतर कोरड्या ट्रॅकवर टायर तापल्यावर २६ ते २७ पीएसआय लागतं. जुन्या व्हिडिओंमध्ये २७ च्या पुढचे आकडे सांगतात, ते आता चालत नाहीत, आणि प्रेशर चुकलं तर चांगली गाडीही वाईट वाटते, मग उगाच गाडीला दोष.

आता एकेक गाडी, माझ्या अनुभवातून. सगळ्यांवर सारखं लिहिणार नाही, ज्या नीट चालवल्यात त्यांच्यावरच.

बीएमडब्ल्यू एम४ जीटी३, माझ्या मते नवीन माणसासाठी आज ॲस्टनच्या बरोबरीने पहिली निवड, आणि ती गेमसोबतच मिळते, १.८ अपडेटला फुकट आली होती. लांबलचक गाडी आहे, बसल्यावर पुढे बोनेटच बोनेट दिसतं, पण कर्बवरून, म्हणजे वळणाच्या कडेच्या उंचवट्यावरून, इतकी शांत जाते की विश्वास बसत नाही. मोंझाला ॲस्कारीमध्ये किंवा इमोलाला व्हेरियांते आल्टामध्ये कर्ब खाल्ला तरी ती डगमगत नाही. टायर सांभाळते. फक्त अगदी अरुंद हेअरपिनला जरा जड वाटते, तिथे घाई करायची नाही. मी गेलं वर्षभर बहुतेक हीच चालवतोय.

मर्सिडीज एएमजी. आवाजासाठी म्हणून एकदा तरी चालवाच, ते ६.२ लिटरचं व्ही८ गुरगुरायला लागलं की अंगावर काटा येतो. आपला बंगळुरूचा अर्जुन मैनी डीटीएम या जर्मन रेसिंग सिरीजमध्ये २०२१ पासून काही सीझन हीच एएमजी जीटी३ चालवायचा, ते बघूनच मी ही उघडली. समजायला सोपी, ब्रेकिंगला भरवशाची. एकच गोष्ट सांभाळा, हळू वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर घाईने दाबला की मागचे टायर फिरतात आणि असं लॅपमागून लॅप केलं की अर्ध्या तासाने मागच्या टायरमध्ये दम राहत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल (टायर जागच्या जागी फिरू न देणारी सोय) एक-दोनने वाढवून ठेवा, लाज वाटायचं कारण नाही, खऱ्या जीटी३ गाड्यांमध्येही ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस असतं आणि खरे ड्रायव्हर ते वापरतात.

बेंटली म्हणजे हत्ती. सरळीवर सुसाट, मोंझासारख्या ट्रॅकवर समोरच्याला मागे टाकायला मजा येते, पण ब्रँड्स हॅचला ड्रुइड्सच्या वळणात तिला वळवताना दंड भरून येतात. लेक्सस पण थोडी त्याच जातीची. निस्सान फारशी चालवली नाही.

मॅक्लॅरन ७२०एस वर माझं प्रेम आहे पण नवीन माणसाला देणार नाही. मोठ्या वेगाच्या वळणात हवेच्या दाबाने जमिनीला चिकटून जाते, सिल्व्हरस्टोनला मॅगॉट्स-बेकेट्समध्ये तिच्यासारखं सुख नाही, पण तो दाब गाडी किती सपाट ठेवलीय त्यावर असतो. ब्रेकला नाक खाली गेलं की मागचं हलकं, कर्बवर उडाली की सगळंच हलकं. लॅम्बोर्गिनी हुराकान त्या मानाने मनमिळाऊ, मध्ये इंजिन असलेली गाडी शिकायची असेल तर इथून सुरुवात करा, मग फेरारीकडे जा.

आणि पॉर्श. मागे इंजिन म्हणजे नेमकं काय ते भावाला सांगताना एक उदाहरण दिलं, स्कूटरच्या मागच्या सीटवर गॅसचा भरलेला सिलेंडर बांधून कधी वळण घेतलंय का. सुरुवातीला स्कूटर वळायला तयार नसते, पुढचं चाक हलकं वाटतं, आणि एकदा वळायला लागली की मागचं वजन बाहेर ओढत राहतं. पॉर्श तशीच. वळताना पुढच्या चाकांवर वजन हवं म्हणून ब्रेक वळणाच्या आतपर्यंत न्यायचा, पण मध्येच पाय उचलला तर मागचं वजन लोलकासारखं फिरतं आणि मग कोणाच्या बापाला आवरत नाही. त्या बदल्यात ती काय देते तर वळणातून बाहेर पडताना मागच्या चाकांवर सगळं वजन, ॲक्सिलरेटर दाबा आणि बंदुकीच्या गोळीसारखी सुटते, बाकीच्यांचे टायर अजून फिरत असतात. नवी ९९२ जीटी३ आर जुन्या ९९१ पेक्षा पुष्कळ समजूतदार आहे, ४.२ लिटरचं फ्लॅट सिक्स इंजिन आहे, पण तीही घाई सहन करत नाही. आणि हिचं स्टीअरिंग फेरारीपेक्षा बरंच जास्त फिरवावं लागतं. गेम ते आपोआप जुळवतो, पण हाताला सवय व्हायला आठवडा जातो, म्हणून रोज गाडी बदलणाऱ्यांचे हात कुठल्याच गाडीला बसत नाहीत.

पावसाचं वेगळं सांगावं लागेल, कारण या गेमचा पाऊस हाच मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग आहे. पाणी साठतं, डबकी होतात, पाऊस थांबल्यावर जिथून गाड्या जातात तेवढी रेषा वाळत जाते. आणि पाऊस असताना नेहमीची रेषा उलट घसरडी असते कारण तिथे टायरचं रबर बसलेलं असतं, तेव्हा वळणाच्या बाहेरून फिरवून गाडी न्यावी लागते. मागच्या श्रावणात एका रात्री आमच्या ग्रुपची स्पाला तासाभराची रेस होती. स्पा सात किलोमीटरचा, चढउताराचा. माझ्याकडे ॲस्टन, ग्रुपमधल्या सगळ्यात फास्ट पोराकडे ऑडी, तो क्वालिफाइंगला माझ्यापेक्षा दीड सेकंद पुढे. विसाव्या मिनिटाला गेममध्ये पाऊस सुरू झाला, इकडे नाशिकला माझ्या खिडकीवरही पाऊस वाजत होता, आणि मी ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस दोन्ही वाढवले, ओ रूजच्या उताराला ॲक्सिलरेटर अर्धाच ठेवला, गाडी जरा जरा सरकायची पण सांगून सरकायची, मी सावरायचो. त्याची ऑडी दोनदा फिरली. शेवटच्या लॅपला मी त्याच्या पुढे होतो. तो माझ्यापेक्षा चांगला ड्रायव्हर आहे हे मी आजही मान्य करतो, पण त्या रात्री भरवशाची गाडी माझ्याकडे होती. तेव्हा वर सांगितलेल्या वीस लॅपच्या तपासणीत एक सेशन पावसात करायचं विसरू नका, कोरड्यात सरळ वागणाऱ्या काही गाड्या ओल्यात रंग बदलतात.

पैशाचं पण बोलू. मूळ गेम सेलमध्ये बऱ्यापैकी स्वस्त मिळतो, पण बऱ्याच गाड्या आणि ट्रॅक वेगळ्या पॅकमध्ये आहेत आणि कुठल्या पॅकमध्ये काय आहे हे दुकानाच्या पानावर नीट वाचल्याशिवाय कळत नाही. फेरारी २९६, पॉर्श ९९२ आणि लॅम्बोर्गिनी इव्हो२ या २०२३ च्या पॅकमध्ये. जीटी४ गाड्यांचा पॅक वेगळा, जीटी२ चा वेगळा, नूरबुर्गरिंगचा तो मोठा नॉर्डश्लायफं ट्रॅक २०२४ मध्ये आला तो पण वेगळा. माझं स्पष्ट मत, पहिले दोन महिने एकही पॅक घेऊ नका. ॲस्टन व्ही८, बीएमडब्ल्यू एम४, हुराकान इव्हो, मॅक्लॅरन ७२०एस, जुनी पॉर्श हे सगळं मूळ गेममध्येच आहे, तिन्ही स्वभावाच्या गाड्या त्यात आल्या. नवीन पॅक घेतला म्हणून लॅप टाइम खाली येत नाही, मी एकदा तीन पॅक एकदम घेतले होते आणि त्यातल्या दोन गाड्यांमध्ये अजून दहा लॅपसुद्धा मारलेल्या नाहीत. त्या पैशात पेडलचा चांगला सेट घ्या, ब्रेकचा पाय सुधारला की सगळ्याच गाड्या सोप्या होतात.

ऑनलाइन जाण्याआधी एक काम करावंच लागतं, ट्रॅक मेडल आणि सेफ्टी रेटिंग. प्रत्येक ट्रॅकवर स्वच्छ लॅप मारल्या की मेडल मिळतात, आणि दुसऱ्या गाड्यांच्या जवळ राहून धक्का न मारता चालवलं की सेफ्टी रेटिंग वाढतं, ज्याला सगळे एसए म्हणतात. चांगल्या सर्व्हरला ठरावीक एसए शिवाय आत घेत नाहीत. इथेही गाडीची निवड कामी येते. तीन गाड्या शेजारीशेजारी पहिल्या वळणात शिरताना ज्याची गाडी अचानक फिरत नाही त्याचं रेटिंग आपोआप वाढतं. फेरारीवर असताना माझं एसए महिनाभर जागचं हललं नाही, ॲस्टनवर आल्यावर दोन आठवड्यांत हव्या त्या सर्व्हरमध्ये जायला लागलो. एसए कमी असलेल्या लॉबीत पहिल्याच वळणाला ढिगारा होतो, तिथे फार दिवस राहू नका, एकट्याने एआय गाड्यांबरोबर रेस करून रेटिंग वाढवा आणि वर जा. आणि लाईटचा भरवसा नसेल तर राउटरला आणि पीसीला यूपीएस लावा, चौथ्या नंबरवर असताना लाईट गेली की काय होतं ते मला विचारा.

एक सेटिंग जाता जाता. स्क्रीन जितकी जवळ घेता येईल तितकी घ्या आणि एफओव्ही, म्हणजे स्क्रीनवर किती रुंद दृश्य दिसतं ते, कमी करा. बहुतेक जण बोनेटपासून आरशांपर्यंत सगळं दिसावं म्हणून एफओव्ही वाढवून ठेवतात आणि मग वळण लांब वाटतं, ब्रेक उशिरा लागतो, आणि गाडी खराब आहे असं वाटतं.

भावाने माझं ऐकून तपासणी केली, ब्रँड्स हॅचवर, पाच गाड्या, प्रत्येकी वीस लॅप, चार रात्री लागल्या त्याला. मला वाटलं होतं बीएमडब्ल्यू घेईल. काल रात्री फोन आला, दादा मला हुराकान बसली, ॲस्टनमध्ये मला झोप येते. मी म्हणलं हळू लॅप किती लागली, तर म्हणाला सगळ्यात हळू आणि सगळ्यात फास्टमध्ये सात दशांशाचा फरक, आणि पॅडॉक हिलच्या उतारावर एकदाही ब्रेकवर घाबरून पाय गेला नाही. मग घे म्हणलं, बिनधास्त घे. रविवारी रात्री दहाला आमची दोघांची पहिली रेस आहे, त्याने हुराकानला भगवा रंग दिलाय आणि दारावर ९ नंबर टाकलाय.